त्या दिवशी पुण्यात कोणी गेलं नाही

श्यामसुंदररावांनी पेपर बंद करायला सांगितला, तेव्हा पेपर टाकणारा समाधान दारातच उभा राहिला. "काका गावाला चाललेत का?" त्यानं विचारलं. कर्वेनगरातल्या त्या घरात एखाद्या दिवशी दूध आलं नाही तर कोरा चहा होत असे. पण पेपर आला नाही तर वितरकाला फोन जात असे, आणि तो फोन वितरकाच्या बराच काळ लक्षात राहत असे.

"नाही रे, त्यांच्या डोळ्यांचं जरा..." असं म्हणून त्यांच्या बायकोनं, अस्मितानं, दार लोटून घेतलं.

डोळ्यांचं होतं, ते खरंच. नजरेच्या बरोब्बर मधोमध एक करडा डाग बसला होता. माणूस दिसायचा, त्याचं तोंड दिसायचं नाही; पान दिसायचं, ओळ दिसायची नाही. पण पेपर बंद झाला तो डोळ्यांमुळे नव्हे. तो झाला अस्मितामुळे, आणि हे त्या घरातल्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

डाग बसल्यापासून अस्मिताच त्यांना पेपर वाचून दाखवत होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. धरणांतला पाणीसाठा आधी, देशाचं काय ते नंतर. ती एक बातमी वाचायची आणि थांबायची. त्या थांब्यात श्यामसुंदरराव एक टोमणा टाकायचे. "महापालिकेनं समिती नेमली." थांबा. "वा! म्हणजे खड्डा आता नातवाला दाखवता येईल." ती हसायची किंवा "पुरे" म्हणायची, मग पुढची बातमी. असा तासभर त्यांचा संसार रोज सकाळी नव्यानं सुरू व्हायचा.

मग त्यांच्या खात्यातलं कोणीतरी गेलं, तेव्हा ते धड जेवेनात की बोलेनात. तेव्हापासून अस्मिता निधनवार्तांचं पान उलटून टाकायला लागली.

"आज कोणी नाही?" ते विचारायचे.

"कोणी नाही."

"हवा सुधारली म्हणायची."

असं चालून गेलं असतं. पण महिपती उकिडवे गेले. श्यामसुंदररावांचा पहिल्या नोकरीपासूनचा मित्र. फोटोसकट बातमी होती. अस्मितानं ती वाचली आणि क्रीडा पान काढलं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत तिनं आठवडा काढला. आणि एका संध्याकाळी कालव्याकाठच्या रस्त्यावर उकिडवेवहिनींनी हाक मारली. श्यामसुंदररावांनी आवाज ओळखला, हात जोडले आणि मोठ्यांदा विचारलं, "काय वहिनी, आमचा महिपती काय म्हणतोय? फोन नाही करत हल्ली, माजलाय का?"

घरी आल्यावर ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. चपला जागेवर ठेवून म्हणाले, "पेपर बंद कर. मला यापुढे काही वाचून दाखवू नकोस."

त्या घरात माफी मागायची पद्धत नव्हती. चूक झाली की "चहा टाकू का?" असं विचारत असत. अस्मितानं विचारलं. "नको," ते म्हणाले.

त्यांचा मुलगा वरद हिंजवडीला नोकरी करतो आणि तिकडेच वाकडला राहतो. पुण्यातच असतो, म्हणजे दिवाळीला येतो. एका रविवारी येऊन त्यानं बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम टाकून दिला. पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारा. फुकट, ओपन सोर्स, म्हणजे जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला आणि कोणालाही उघडून बघता येईल असा. "बाबा, पेपरची वेबसाइट उघडा आणि ऐका. आईची गरजच नाही," तो म्हणाला. हे वाक्य दोघांनाही वेगवेगळ्या ठिकाणी लागलं.

प्रोग्रॅम मराठी वाचायचा, नाही असं नाही. शाळेच्या तपासणीला आलेल्या गोऱ्या पाद्र्यासारखं वाचायचा. पण श्यामसुंदररावांनी उच्चार सोडून दिले. खरी अडचण वेगळीच होती. तो थांबायचा नाही. बातमी संपली, पुढची लागली, मध्ये जाहिरात घुसली, सगळं एका दमात. "यांचे वृद्धापकाळाने निधन झाले त्यांच्या पश्चात दोन मुलगे सुना नातवंडे असा परिवार आहे सर्व प्रकारच्या चपलांवर पन्नास टक्के सूट."

श्यामसुंदररावांनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "हा पाद्री श्वास घेत नाही. जो स्वतः श्वास घेत नाही, त्याच्याकडून मी दुसऱ्यांच्या मरणाच्या बातम्या ऐकायच्या?"

आणि ते खुर्चीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी बसून राहिले, तिसऱ्या दिवशीही. पाणीसाठा किती झाला, हेही त्यांनी विचारलं नाही. टोमणा मारायला काही उरलं नाही की पुणेरी माणूस किती पटकन म्हातारा होतो, हे अस्मितानं तेव्हा पाहिलं.

अस्मिता तशी कॉम्प्युटर कुठे शिकलेली नव्हती. ब्लाउज शिवायलाही ती क्लासला गेली नव्हती. चांगला बसणारा एक जुना ब्लाउज तिनं उसवला, तुकडे कागदावर ठेवून आखले आणि दुसरा शिवला. कॉम्प्युटरही तसाच, बिघडवत आणि उसवत. त्यावर सोसायटीचे हिशेब झाले, शेजारच्या मुलांचे प्रवेशअर्ज झाले, फोटो झाले. तेव्हा तिनं त्या हौशी लोकांच्या पानावर जाऊन, शब्दकोश शेजारी घेऊन, इंग्रजीत विचारलं: तुमचा वाचक परिच्छेदानंतर थांबत का नाही?

नॉर्वेच्या एका गृहस्थांचं उत्तर आलं. थांबण्याची सोय नव्या कोडमध्ये केलेली आहे, पुढच्या आवृत्तीत येईल.

कधी येईल?

तयार होईल तेव्हा.

हे गृहस्थ मूळचे नारायण पेठेतले असावेत, असं अस्मिताला वाटून गेलं. खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली होती: घाई असेल तर सोर्स घेऊन विंडोजवर तुम्हीच बिल्ड करा, सोपं आहे.

"सोपं आहे" हे दोन शब्द तिनं आजवर अनारशांच्या पाककृतीखाली वाचले होते. पण बाकीचं तिला लगेच कळलं. म्हणजे तयार कपडा मिळणार नाही. बेतून ठेवलेलं कापड मिळेल, ते आपल्या मशिनवर आपण शिवायचं.

फक्त मशिन आपलं पाहिजे. आणि तिथेच ग्यानबाची मेख होती. ते कापड शिवायला आधी कंपायलर लागत होता, म्हणजे माणसांनी लिहिलेलं कॉम्प्युटरला कळेल असं करून देणारी अवजारं. ती अवजारं इतकी अवाढव्य, की ती ठेवायला अस्मितानं वरदच्या लग्नाचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर हलवले. मग पायथन नावाचा आणखी एक प्रोग्रॅम लागत होता. तिनं हौसेनं ताज्यातला ताजा घेतला, तर चालेना. सूचनांमध्ये जुना सांगितला होता. भाताला जसा जुना तांदूळ बरा, तसं असेल, म्हणून तिनं जुना आणला. तो आला, बसला, आणि तरी विंडोज म्हणे, असा कोणी इथे राहत नाही. दोन दुपारी गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की पाहुणा घरात येऊन बसलाय, पण गेटवरच्या वॉचमनच्या वहीत त्याचं नाव नाही. ते नाव घालायची एक चौकट तिनं टिक न करता पुढे ढकलली होती.

हे सगळं दुपारचं चालायचं. श्यामसुंदरराव शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून कळफलकाचा आवाज ऐकत असायचे. एके दिवशी न राहवून म्हणाले, "काय चाललंय?"

"तुमच्या पाद्रीला श्वास लावतेय."

"मी ऐकणार नाही."

"नका ऐकू."

जरा वेळानं ते म्हणाले, "पाया तपासलास का? आमच्याकडे लोक थेट भिंत चढवायला घ्यायचे."

"तपासला."

"मग गळेल. आमच्याकडे तपासलेलंच गळायचं," ते म्हणाले, आणि पुष्कळ दिवसांनी त्यांच्या आवाजात थोडी तरतरी आली. अस्मिताला ते इतकं बरं वाटलं, की तिनं चहा विचारलासुद्धा नाही, सरळ टाकला.

अखेर सगळी सामग्री जमली आणि तिनं बिल्डची आज्ञा दिली. काळ्या पडद्यावर ओळी धावायला लागल्या. पिवळ्या ओळी म्हणजे सूचना, लाल म्हणजे चूक. पिवळ्यांचं काही मनावर घ्यायचं नाही, हे ती लगेच शिकली. तिच्या सासूबाई जन्मभर पिवळ्या होत्या. पण मग लाल आली आणि सगळं ठप्प झालं. त्या लाल ओळीत एका जागी नुसती प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं होती. अस्मिताला वाटलं, कॉम्प्युटर आपल्याला काहीतरी विचारतोय. तिनं प्रामाणिकपणे "येस" टाइप करून पाहिलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं अवजारं उतरवून पुन्हा चढवली, तरी तेच. मग तिनं वरदला व्हिडिओ कॉल लावला. तो कंपनीच्या बसमध्ये होता आणि बस वाकडच्या पुलापाशी उभी होती, म्हणजे त्याला वेळ होता.

"आई, विंडोजवर हे करणं म्हणजे डोक्याला शॉट आहे. लिनक्स टाक ना."

"कोण टाकणार?"

"मी संडेला येतो."

"कुठल्या?"

"आई, टोमणे नको. कॅमेरा जवळ ने. अजून. हा एरर... ही क्वेश्चन मार्क्स कुठून आली? तुझ्या युजर फोल्डरचं नाव काय आहे?"

अस्मितानं फोल्डर उघडून दाखवलं. पलीकडे वरदचं तोंड हललंच नाही. तिला वाटलं नेटवर्क गेलं. मग तो हसायला लागला. बसमधले लोक वळून बघेपर्यंत हसला.

"आई," डोळे पुसत तो म्हणाला, "प्रॉब्लेम देवाचा आहे."

त्याचं असं झालं होतं, की लॅपटॉप नवा आला तेव्हा पहिल्यांदा चालू केल्यावर त्यानं विचारलं होतं: नाव? आणि श्यामसुंदरराव तिथे उभे होते. नवी वही असो, लग्नपत्रिका असो, वाण्याची यादी असो, नाहीतर सोसायटीच्या चेअरमनला पाठवायची तक्रार असो, श्री घातल्याशिवाय या घरात कशालाही सुरुवात झालेली नव्हती. "आधी श्री घाल," ते म्हणाले होते. तिनं घातला होता. दोन्ही बाजूंना दोन-दोन दंड देऊन, मध्ये नीट जागा सोडून: ॥ श्री ॥. विंडोजनं तेच मालकाचं नाव समजून त्याच नावाचं घर बांधलं होतं, आणि पुढचं सगळं त्या घराच्या आत. बाकी सगळे निमूट राहत होते. कंपायलर तेवढा परदेशातून आलेला. त्याला पत्त्यावर देवनागरी वाचता येईना, म्हणून तो दारातच प्रश्नचिन्हं करत उभा राहायचा.

"मग नाव बदलते," अस्मिता म्हणाली.

"नाव बदललं तरी आतलं फोल्डर तेच राहतं. नवीन अकाउंट काढ. इंग्लिशमध्ये, एक शब्द, स्पेस नको. चल, बस हलली." आणि तो गेला.

"काय म्हणतोय?" श्यामसुंदररावांनी विचारलं.

"म्हणतोय, सुरुवातीला श्री घातला म्हणून काम अडलंय."

"हं. आमच्या खात्यात श्री न घालताही अडायचं."

नव्या अकाउंटनं पुन्हा तोच प्रश्न विचारला: नाव? अस्मिता थोडी थबकली. विजेचं बिल, गॅस, गाडी, दारावरची पाटी, सगळं त्यांच्या नावावर होतं, आणि त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. तिनं 'asmita' असं लिहिलं. देवाच्या जागी आपलं नाव लिहिलंय हे लक्षात येऊन तिनं एकदा देवघराकडे बघितलं आणि एंटर दाबलं.

या वेळी पिवळ्या ओळी धो धो वाहून गेल्या, लाल आलीच नाही. शेवटी एक साधी ओळ: बिल्ड झालं. टाळ्या नाहीत, काही नाही. अस्मितानं हळूच आवाज कमी करून पेपरची साइट उघडली. पाद्री वाचायला लागला. बातमी संपली. तो थांबला. खरंच थांबला, माणसासारखा.

आता किती थांबायचं, ते तिच्या हातात होतं. कोडमधला एक आकडा बदलायचा आणि पुन्हा बिल्ड करायचं. आणि तो आकडा शोधताना तिला शेजारचीच एक फाइल दिसली. काय वाचायचं नाही, त्याचे नियम. "जाहिरात," "हेही वाचा," असले शब्द घातले की तो परिच्छेदच वाचक सोडून द्यायचा. तिनं चपला घातल्या, साड्या घातल्या, फ्लॅट घातले. आणि मग तिच्या बोटांनी "निधन" असा शब्द लिहिला.

तो शब्द पडद्यावर उभा राहिला. कोणाला कळणार होतं? पाद्रीवर कोण संशय घेणार? तिनं बिल्ड केलं आणि आजचा सगळा पेपर पहिल्यापासून ऐकला. समिती नेमली गेली, धरणं भरली, पूल लांबले, कोणीतरी कोणाचा निषेध केला. आणि त्या दिवशी पुण्यात कोणी गेलं नाही. एकसुद्धा माणूस गेला नाही. इतका छान पेपर अस्मितानं उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

शेजारच्या खुर्चीत श्यामसुंदररावांचा डोळा लागला होता. झोपेतही ते एक हात जोडायला उचलावा तसा किंचित वर धरून होते. संधिवातामुळे, दुसरं काही नाही. पण तिला कालव्याचा रस्ता दिसला. ते दोन्ही हात दिसले आणि उकिडवेवहिनींचं तोंड दिसलं, जे त्यांना दिसलं नव्हतं.

तिनं तो शब्द पुसला. वरून निधनवार्तांनंतरचा थांबा तेवढा इतरांपेक्षा थोडा मोठा केला, आणि पुन्हा बिल्ड लावून भाजी निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "तयार आहे. ऐकून बघता?"

"श्वास घेतो?"

"घेतो."

"आणि गाळतो का काही?"

अस्मितानं पदराला हात पुसले. "गाळता येतं. मी काल तसं करून बघितलं. मग काढून टाकलं."

श्यामसुंदररावांनी तिच्या दिशेनं तोंड वळवलं. तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. कडेची साडी तेवढी दिसत असेल.

"लाव," ते म्हणाले.

पाद्रीनं खडकवासल्यापासून सुरुवात केली. चारही धरणांत मिळून साठा इतका, गेल्या वर्षी इतका. थांबा.

"चार धरणं कुठली ते सांग म्हणावं. विचार, विचार त्याला."

पाद्रीनं उत्तर न देता पुढची बातमी घेतली. मेट्रोची. थांबा. त्या थांब्यात श्यामसुंदरराव जे म्हणाले ते छापण्यासारखं नव्हतं. अस्मिता हसली. ते आणखी सरसावून बसले.

मग निधनवार्ता आल्या. अस्मिताचे हात शेंगा सोलता सोलता थांबले. अमुक, वय एक्क्याऐंशी. तमुक, वय शहाऐंशी. कोणी गोदाबाई, वय ब्याण्णव, पश्चात पणतवंडं.

"अगं, लोक बरेच जगतायत की!" श्यामसुंदरराव म्हणाले. "तुझ्या वाचनात कोणी मरत नव्हतं हे खरं, पण कोणी ब्याण्णव वर्षं जगतही नव्हतं."

"चुकलं माझं," अस्मिता म्हणाली. चहाचं न विचारता. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

ते काही म्हणायच्या आत पाद्री पुढे निघाला. मांजरी गावचे वैजनाथ ढमढेरे, वय सदुसष्ट, पाटबंधारे खात्याचे निवृत्त कर्मचारी, अंत्ययात्रा आज दुपारी दोन वाजता राहत्या घरापासून. आणि थांबला. कालच मोठा करून ठेवलेला तो थांबा.

श्यामसुंदरराव खुर्चीचे हात धरून बसले होते. "वैजू," ते म्हणाले. "सर्व्हेला माझ्याबरोबर होता. तंबू तो ठोकायचा आणि पडला की साहेबांना माझं नाव..."

थांबा संपला. पाद्रीनं पुढचं नाव घेतलं.

"बंद कर त्याला," ते म्हणाले. अस्मितानं बंद केला. ते आतल्या आत काहीतरी मोजत असावेत तसे बसले. मग म्हणाले, "थांबतो, पण थोडाच थांबतो."

"वाढवते. आकडा बदलायचा फक्त. संध्याकाळपर्यंत होईल."

"किती वाढवशील? ओळखीचा कोण आणि बिनओळखीचा कोण, हे त्याला कसं कळणार?"

"ते नाही कळणार."

"तुला कळतं," श्यामसुंदरराव म्हणाले. "बाकी पेपर त्याला वाचू दे, बरा वाचतो. हे पान तू वाचत जा. सगळं."

"हो," अस्मिता म्हणाली. इतक्या खटपटीनंतर लॅपटॉपच्या वाट्याला धरणं आणि मेट्रो आली होती.

ते उठून उभे राहिले आणि भिंत चाचपत कपाटाकडे निघाले. "मांजरीला दोनच्या आत पोचायचं म्हणजे आत्ता निघायला हवं. रिक्षा मिळेल?"

"मिळेल. मीही येते."

"येच. समोर कोण आहे ते माझ्या कानात सांगायला माणूस लागेल. आणि शर्ट काढ माझा. पांढरा."

पांढरे दोन होते. अस्मितानं इस्त्रीचा काढला, त्यांच्या हातात दिला आणि रिक्षा बोलवायला फोन उचलला.